स्कोप असताना बंदुकीवर माशी कशाला?

शिकारीच्या रायफली पाहिल्या तर दोन तऱ्हा दिसतात. एकीची नळी साफ, गुळगुळीत. वर फक्त स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. दुसरीवर स्कोप तर आहेच, शिवाय नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेमासाठीचा छोटा उंचवटा, आणि तिच्या मागे खाच पाडलेली पोलादी पट्टी. नवख्याला ही दुसरी रायफल कोड्यात टाकते. नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण असताना आजोबांच्या काळातलं लोखंड कशाला ठेवायचं?

कारण दुर्बीण बंद पडते, आणि बऱ्याचदा नको त्या वेळी. पण पुष्कळ रायफलींवर राखीव साइट (नेम धरायची ही माशी आणि खाच) असूनही वेळेला वापरता येत नाहीत, हा मुद्दा फार कमी वेळा नीट सांगितला जातो. स्कोप झटकन निघत नाही, निघाला तर डोळा माशीपर्यंत खाली जात नाही, आणि गेला तरी त्या साइटवर कधी गोळी झाडून पाहिलेली नसते. तिन्ही गोष्टी जमल्या तरच ती राखीव साइट. नाहीतर नुसतं वजन.

नेम धरताना डोळा काय करतो

लोखंडी साइटने नेम धरायचा म्हणजे तीन वस्तू एका रेषेत आणायच्या. मागची साइट (खाच किंवा भोक) नळीवर असेल तर डोळ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर असते, पुढची साइट म्हणजे माशी ९० सेंटिमीटरच्या आसपास, आणि लक्ष्य ५० मीटरवर. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. हात लांब करून अंगठ्याचं नख निरखा. मागची भिंत लगेच धूसर होते. म्हणून नियम असा की माशी स्पष्ट दिसली पाहिजे. खाच आणि लक्ष्य थोडे धूसर राहिले तरी चालतं.

स्कोपमध्ये ही कसरत नाही. समोरचं भिंग लक्ष्याचं प्रतिबिंब आत जिथे पाडतं त्याच प्रतलात नेमाची फुली असते, त्यामुळे डोळ्याला एकाच ठिकाणी पाहायचं असतं. स्कोपचा खरा फायदा हाच. मोठं दिसणं आणि संधिप्रकाशात थोडं जास्त दिसणं हे त्यानंतर.

लोखंडी साइटचा अचूकपणा बराचसा दोन साइटमधल्या अंतरावर ठरतो. वाफ्याची ओळ आखताना दोन खुंट्या हातभर अंतरावर ठोकल्या तर दोरी पुढे भलतीकडेच जाते, लांब ठोकल्या तर सरळ राहते, इथेही तसंच. साइटमध्ये ५०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेच्या मध्यापासून ०.१ मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी २ सेंटिमीटर सरकते. अंतर २५० मिलिमीटरच असेल तर तीच चूक ४ सेंटिमीटर होते. ०.१ मिलिमीटर म्हणजे साधारण कागदाची जाडी.

स्कोप कसा दगा देतो

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे भिंगावर पाऊस, बर्फ, चिखल किंवा श्वासाची वाफ. यावर झाकण आणि कोरडं फडकं पुरतं. मात्र डोळ्याकडच्या भिंगावर थंडीत श्वास पडला की ते पुसायला काही सेकंद जातात, आणि जनावर तेवढं थांबत नाही.

दुसरा प्रकार आतल्या धुक्याचा. चांगल्या स्कोपमधली हवा काढून आत नायट्रोजन किंवा आर्गॉनसारखा कोरडा वायू भरलेला असतो. रबरी सील गेलं की दमट हवा आत शिरते, थंडीत आतल्या बाजूने दव धरतं आणि ते पुसता येत नाही. जंगलात यावर उपाय नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. बाहेरच्या घुंड्या फिरवल्या की ती वर-खाली आणि आडवी सरकते. तिला एक स्प्रिंग टेकू देते. धक्क्यांनी ती स्प्रिंग थकली किंवा नळी सैल झाली की फुली दिसायला व्यवस्थित, पण गोळी दर वेळी वेगळीकडे. माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या बैठकीचे, स्क्रू ढिले झाले तरी हेच घडतं. रायफल हातातून निसटली तर सहसा स्कोपचा फुगीर पुढचा भागच आधी दगडावर आपटतो. नळी केसभर वाकली तरी बाहेरून कळत नाही.

म्हणून स्कोप बसवतानाच एक छोटं काम करून ठेवावं. रिंगचे, म्हणजे स्कोपभोवतीच्या कड्यांचे, स्क्रू टॉर्कच्या (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) पान्याने, उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत (बहुतेक रिंगांना तो २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो), आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला. रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावरही अशीच रेघ ओढली की स्कोप रिंगमध्ये पुढे-मागे घसरला का तेही कळतं. रायफल आपटली आणि रेघा जागेवर आहेत, तरी स्कोपवर भरवसा ठेवायच्या आधी सुरक्षित जागी, माहीत असलेल्या अंतरावर एक गोळी कागदावर झाडून पाहावी. तशी सोय नसेल तर राखीव साइटची खरी वेळ ती.

चौथी परिस्थिती बिघाडाची नाहीच. स्कोप शाबूत असूनही नडतो. नऊपटीला १०० मीटरवर साधारण ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे १० मीटरवर फक्त ४० सेंटिमीटर, तोही धूसर. जखमी रानरेडा झाडीतून उलटून आला तर दुर्बिणीत नुसते केस दिसतील. खांदा कुठे, डोकं कुठे, काही कळणार नाही. आफ्रिकेत धोकादायक जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या .३७५ होलंड अँड होलंड मॅग्नमसारख्या काडतुसाच्या रायफलींवर लोखंडी साइट अजून टिकून आहेत त्या मुख्यतः यामुळे. याच कारणाने तिथे स्कोपही कमी पटीचे निवडतात आणि चालताना पट सगळ्यात खाली ठेवतात.

आधी स्कोप वाटेतून हलवा

रायफलच्या डोक्यावर स्कोप बसलेला आहे आणि साइटची रेषा त्याच्या खालून जाते. स्कोप काढायला षटकोनी किल्ली लागत असेल आणि किल्ली तंबूत असेल, तर माशीचा उपयोग शून्य.

उपाय तीन-चार आहेत, पण माझ्या मते धडाचा एकच: खटक्याचे माउंट. दोन छोटे दांडे फिरवले की स्कोप रिंगांसकट हातात येतो. पाच-दहा सेकंदांचं काम, हत्यार लागत नाही. परत बसवताना रिंगा रेलच्या (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीच्या) आडव्या खाचेत नळीच्या दिशेने पुढे दाबून धरायच्या आणि मग दांडे आवळायचे. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या मानाने पुढे सरकतो. आधीच पुढे टेकलेला असेल तर सरकायला जागा उरत नाही. दर वेळी त्याच रिंगा त्याच खाचांत बसल्या पाहिजेत, म्हणून रेलवर खूण करून ठेवावी. माउंट खरंच जागेवर येतं का ते विकत घेताना कळत नाही, मैदानावर कळतं. एक गोळी झाडा, स्कोप काढा, बसवा, पुन्हा एक, असं पाच वेळा एकाच कागदावर. पाच भोकांचा गट स्कोप न काढता झाडलेल्या गटापेक्षा फारसा मोठा नसेल तर माउंट चांगलं.

दुसरा प्रकार उंच रिंगांचा, ज्यांच्या पोटातल्या भोकातून खालची माशी दिसते. कल्पना आकर्षक, कारण काहीच काढावं लागत नाही. पण स्कोप इतका वर जातो की गाल दस्त्यावरून उचलून, हनुवटी टेकवून पाहावं लागतं. रोज वापरायची साइट बिघडवून कधीमधी लागणारी सोय करायची, हा सौदा तोट्याचा. तिरप्या राखीव साइट, म्हणजे रायफल ४५ अंश कलती केल्यावर समोर येणाऱ्या, सरळ रेषेतल्या दस्त्याच्या रायफलींवर जमतात. पारंपरिक लाकडी दस्त्यावर त्या बसवायला सहसा जागाच नसते. जर्मन-ऑस्ट्रियन बनावटीच्या आकडा आणि फिरत्या माउंटची कारागिरी उत्तम असते, फक्त ते रायफलनुसार हाताने बसवून घ्यावे लागतात.

गालाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. स्कोपच्या मध्यरेषेची नळीच्या मध्यरेषेपासूनची उंची साधारण ३८ मिलिमीटर असते. नळीवरच्या माशीची उंची २० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे स्कोप काढला की डोळा जवळजवळ १८ मिलिमीटर खाली यायला हवा. पण आजचे बहुतेक दस्ते स्कोपसाठीच घडवलेले असतात: गाल टेकायची कड सरळ आणि उंच. गाल कितीही दाबला तरी डोळा खाचेच्या वरच राहतो आणि माशी खाचेतून डोकं बाहेर काढलेली दिसते. तशी झाडली तर गोळी वर जाते.

तपासायला अर्धा मिनिट पुरतो. रायफल रिकामी करा, बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, स्कोप काढा. डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. माशी खाचेत दिसली तर ठीक. दिसली नाही तर तीन मार्ग: गालाची कड खाली-वर होणारा दस्ता घ्या, किंवा वरून पट्ट्याने बांधायची गालपट्टी वापरून स्कोप काढताना तीही ओढून काढा, किंवा उंच साइट बसवा. तिसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढची-मागची दोन्ही १२-१५ मिलिमीटरने उंच घेतल्या की दस्ता तोच राहतो. माशी उंच झाली की धक्का लागून वाकायची भीती वाढते, म्हणून तिच्यावर कडं किंवा दोन्ही बाजूंना कान असलेली घ्यावी.

कोणती साइट?

पसरट इंग्रजी व्ही आकाराची खाच आणि पुढे गोल मणी ही जुनी, जवळच्या अंतराची जोडी. मणी व्हीच्या तळाशी बसवायचा, बाकी डोळा सांभाळून घेतो. मण्याच्या मापाकडे मात्र लक्ष हवं. १.६ मिलिमीटरचा मणी डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल तर १०० मीटरवर सुमारे १८ सेंटिमीटर झाकतो, २.४ मिलिमीटरचा सुमारे २७ सेंटिमीटर. मोठा मणी झाडीत चटकन सापडतो, पण लांबवर हरणाची छातीच त्याच्यामागे जाते.

पांढरा मणी कमी उजेडात छान, बर्फावर निरुपयोगी. लाल-हिरव्या प्लॅस्टिक तंतूचा दिवसा झगझगीत दिसतो, पण तंतू ठिसूळ असतो. जास्तीचा तुकडा दस्त्यात ठेवावा. चकचकीत गोल मण्याची आणखी एक खोड: ऊन एका बाजूने आलं की मण्याची तीच बाजू चमकते, डोळा चमकलेल्या भागालाच मध्य समजतो आणि गोळी उलट बाजूला जाते. डोळ्याकडची बाजू सपाट असलेल्या मण्याला हा त्रास कमी.

दुसरी जोडी म्हणजे मागे, डोळ्याजवळ, भोकाची साइट आणि पुढे सरळ पट्टी. राखीव म्हणून मी हीच आधी सुचवेन. भोक डोळ्याजवळ असल्याने दोन साइटमधलं अंतर वाढतं, आणि भोकाचा मध्य डोळा आपोआप शोधतो, मुद्दाम जुळवावा लागत नाही. भोक मोठं आणि त्याची कड बारीक ठेवली की कड जवळजवळ दिसेनाशी होते. माशी लक्ष्यावर ठेवली की झालं. अमेरिकन नेमबाजी-तज्ज्ञ जेफ कूपर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या हलक्या ‘स्काउट’ रायफलीच्या कल्पनेतही स्कोपसोबत राखीव लोखंडी साइट होत्याच, आणि त्या धर्तीच्या रायफलींवर मागे असंच भोक दिसतं. भोकाची साइट मागे रिसीव्हरवर (बोल्ट बसतो त्या भागावर), म्हणजे स्कोपच्या पोटाखालीच येते. त्यामुळे ती घडी होणारी किंवा रेलमध्येच बसणारी हवी. काही जण ती वेगळी खिशात ठेवतात. मग तीही दर वेळी त्याच खाचेत बसवायची.

मिलिमीटरचं गणित

राखीव साइट जुळवायच्या, म्हणजे झिरो करायच्या, तर आधी ५० मीटर. सूत्र साधं आहे: गोळी जितकी चुकली तितके मिलिमीटर, गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. गट ५० मीटरवर १५० मिलिमीटर खाली पडला आणि साइटमध्ये ५०० मिलिमीटर आहेत, तर १५० गुणिले ५०० भागिले ५०,०००, म्हणजे १.५ मिलिमीटर बदल हवा.

दिशा विसरू नये. मागची साइट तिकडे हलवायची जिकडे गोळी न्यायची आहे. पुढची त्याच्या उलट. गोळी खाली पडत असेल तर मागची उंच करा किंवा पुढची बुटकी करा. म्हणून पट्टीची माशी मुद्दाम जास्त उंच देतात आणि ती कानसीने उतरवतात. हिशेब १.५ मिलिमीटरचा आला तरी आधी १ मिलिमीटरच उतरवा, तीन-पाच गोळ्या झाडा, मग उरलेलं. घासलेलं परत येत नाही. गोल मण्याची माशी घासू नका, मणी चपटा होतो. कमी उंचीची माशी घ्या किंवा मागची पट्टी बदला.

आडवं जुळवायला माशी सहसा तिरक्या कडांच्या खाचेत, म्हणजे डोव्हटेलमध्ये, सरकवावी लागते. बोल्ट काढून ठेवा, नळी लाकडी ठोकळ्यावर आधार देऊन धरा, नळी आणि माशी दोन्हींवर मिळून एक बारीक पेन्सिलची रेघ ओढा, आणि पितळी पंचावर हलके ठोके द्या. लोखंडी पंचाने माशीचा कोपरा चेपतो. रेघ किती तुटली त्यावरून किती सरकली ते कळतं.

जे काडतूस शिकारीला वापरणार त्यानेच हे सगळं करायचं. वेगळ्या वजनाची गोळी वेगळीकडे जाते. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी २० मिलिमीटर उंचीच्या साइटवर ५० मीटरला जुळवली तर १०० मीटरवर साधारण २ सेंटिमीटर खाली जाते आणि १५० मीटरवर ९ सेंटिमीटरच्या आसपास. उंच साइट घेतल्या तर गोळी या दोन्ही अंतरांवर थोडी कमी खाली जाते. राखीव साइटच्या पल्ल्यात याची फार काळजी करायची गरज नाही.

“पण माझी चाळिशी उलटलीय, माशी दिसतच नाही”

खरी अडचण आहे. वयाबरोबर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि ९० सेंटिमीटरवरची माशी धूसर व्हायला लागते, खाच तर आणखी. इथेही भोकाची साइट कामाला येते, मात्र लहान भोकाची, कारण त्यातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं. शिवाय नेमबाजीसाठी चष्मा करताना दूरच्या नंबरात +०.५० ची भर घातली तर माशी स्पष्ट होते आणि लक्ष्यही फार बिघडत नाही. वाचायच्या चष्म्याने मात्र नेम धरू नये, लक्ष्य पार विरघळतं.

“सायलेन्सर लावला तर?”

तर नळीवरच्या बुटक्या माशीचा विचार सोडून द्या. सायलेन्सरचा व्यास बहुधा ४५ ते ५० मिलिमीटर, म्हणजे नळीच्या मध्यापासून वर २२ ते २५. माशीचं टोक २० वर. माशी दिसेल, पण तिच्यापुढे लक्ष्याऐवजी सायलेन्सरची पाठ. उंच साइट नाहीतर दुसरा स्कोप, एवढेच पर्याय.

“साफ नळीवर माशी बसवून घेता येते का?”

येते, पण हे बंदूक-कारागिराचं काम. स्क्रूसाठी भोक पाडायचं तर नळीची भिंत त्या जागी किती जाड आहे हे आधी मोजावं लागतं. भोक आतपर्यंत गेलं की नळी गेली. बारीक नळीवर भोकाऐवजी कडं चढवून ते कमी तापमानाच्या डाखाने पक्कं करणं बरं. माशी बसवल्यावर स्कोपचा झिरोही पुन्हा तपासावा, कारण टोकावरचं वजन बदललं की गोळी किंचित हलते.

“त्यापेक्षा दुसरा स्कोपच नेला तर?”

मोकळ्या माळावर, २०० मीटरच्या शिकारीसाठी, हेच जास्त शहाणपणाचं. दुसरा स्कोप स्वतःच्या खटक्याच्या रिंगांत बसवून, घरीच झिरो करून, गादीच्या डब्यात न्यायचा. बदलून खात्री करायला दहा मिनिटं आणि दोन-तीन काडतुसं लागतात, पण पल्ला पूर्ण परत मिळतो. दाट झाडीत, जखमी जनावराच्या मागावर, दहा मिनिटं कोणी देत नाही, तिथे माशीच. बॅटरीवरची, काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट दोन्हींच्या मधली, पण चष्म्यात सिलिंडरचा (ॲस्टिग्मॅटिझमचा) नंबर असलेल्यांना तो ठिपका पसरलेला दिसतो.

लोखंडी साइटने किती अंतरापर्यंत झाडायचं हे कागदावर ठरवून ठेवावं. १५ सेंटिमीटरचं वर्तुळ, शिकारीत बसतो तशी बैठक, टेकूशिवाय पाच गोळ्या. पाचही आत पडतात ते शेवटचं अंतर ही मर्यादा. बऱ्याच जणांची ती ७०-८० मीटरच्या पुढे जात नाही. काढलेला स्कोप झाकणं लावून जाड मोज्यात घालावा, पाठपिशवीत कपड्यांच्या मध्ये, दांडे बंद करून. परत बसवल्यावर पहिली गोळी कागदावर.